स्वस्त सुरी, पण खरोखर कापणारी: घरगुती सुरीची रचना समजून घेऊ

सुरी नीट कापत नसली की बहुतेकांचा संशय पोलादावर जातो. खरा दोष बहुतेक वेळा धारेच्या जरा वर, पाच-दहा मिलिमीटरच्या पट्ट्यात असतो. तिथं पातं गरजेपेक्षा जाड ठेवलेलं असतं. अशा सुरीला कितीही तीक्ष्ण धार लावा, गाजरात ती दोन-तीन मिलिमीटर सहज शिरते आणि मग अडते. मागून येणारी जाडी पाचरीचं काम करते, आणि गाजर कापलं जाण्याऐवजी ‘कट्’ आवाज करून फुटतं. स्वस्त सुऱ्यांमधला हा सगळ्यात मोठा दोष आहे. भारी पोलाद वापरून तो जात नाही.

म्हणून कमी खर्चात चांगली सुरी करायची तर पैसा कुठं घालायचा याचा क्रम आधी ठरवावा लागतो. आमच्या मते तो असा: पहिला मान पात्याच्या आकाराला, दुसरा पाणी पाजण्याला म्हणजे उष्णता-प्रक्रियेला, तिसरा मुठीला. पोलादाचा दर्जा त्यानंतर. आरशासारखी चकाकी, पात्यावरची नक्षी, जड धातूची मूठ यांवर एक पैसाही खर्च करू नये.

यापुढे काही शब्द सतत येतील. पात्याची वरची बोथट बाजू म्हणजे पाठ. धारेचा मुठीकडचा कोपरा म्हणजे टाच. पात्याचा जो अरुंद भाग मुठीच्या आत जातो ती शेपटी.

एकच सुरी करायची तर केवढी?

घरातलं जवळपास सगळं काम होईल अशी एक सुरी हवी असेल, तर १६५ मिमी लांबीचं आणि टाचेपाशी ४४ मिमी उंचीचं पातं हे चांगलं माप आहे. २०० मिमीच्या पुढं गेलं की छोट्या पाटावर सुरी फिरवायला अडचण होते आणि सवय नसलेला माणूस बिचकतो. १२० मिमीच्या आत आलं की कोबी किंवा भोपळा एका फटक्यात कापता येत नाही.

उंचीचं कारण वेगळं आहे. पाटावर कापताना मुठीभोवतीची बोटं पाटावर आपटता कामा नयेत. मुठीच्या खालच्या कडेपासून धारेच्या रेषेपर्यंत किमान २० मिमी जागा हवी, २५ मिळाली तर उत्तम. पातं ४४ मिमी, मूठ २५ मिमी उंच आणि ती पाठीच्या रेषेपेक्षा ४ मिमी वर सरकवलेली, असं धरलं तर २३ मिमी मोकळी राहते. बाजारातल्या कितीतरी सुऱ्यांचं पातं ३० मिमी उंचीचं आणि मूठ पात्याच्या मधोमध असते. अशा सुरीनं पाटावर बारीक चिरता येत नाही. माणूस मग पाटाच्या कडेवर ओणवा होऊन कापतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

धारेची रेषा टाचेपासून साधारण दोन तृतीयांश लांबीपर्यंत जवळजवळ सरळ असावी, पण पट्टीसारखी ठार सरळ नको. तिथं अगदी हलका फुगवटा ठेवावा. ठार सरळ धार पाटावर धपकन आदळते. शिवाय धार लावताना मध्ये थोडा जरी खोलगटपणा आला, तर तेवढ्या भागात धार पाटाला टेकत नाही आणि चिरलेल्या कांद्याचे तुकडे एकमेकांना चिकटून साखळीसारखे राहतात. पुढचा एक तृतीयांश भाग गोलाईनं वर जावा. टोक पाठीच्या रेषेच्या थोडं खाली असावं, म्हणजे ते कुठं टेकतंय याचा हाताला अंदाज राहतो.

धारेमागची जाडी

सुरीचे आडवे काप काढून पाहिले, तर प्रत्येक बाजूला दोन उतार दिसतात. एक मोठा, पाठीकडून खाली येणारा मुख्य उतार. दुसरा अगदी टोकाचा, अर्ध्या-एक मिलिमीटरचा, धारेचा उतार. धार लावणं म्हणजे हा दुसरा उतार घासणं. हे दोन्ही जिथं मिळतात तिथली पात्याची जाडी म्हणजे धारेमागची जाडी. सुरी कशी कापेल हे ठरवणारा सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

घरगुती सुरीत तो ०.२५ ते ०.४ मिमी असावा. स्वस्त सुऱ्यांमध्ये तो ०.६-०.७ सहज भरतो. कारण उघड आहे: पातळ घासायला वेळ लागतो, घासायच्या यंत्राचे पट्टे झिजतात आणि कामगाराचा हात घसरला की पातं वाया जातं.

दोन पाती ताडून पाहू. दोन्ही १.८ मिमी जाडीच्या पत्र्याची, एकाच पोलादाची. पहिलं पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण ४४ मिमी उंचीत सपाट उताराचं, धारेमागं ०.३ मिमी. दुसरं वर सगळं १.८ मिमी जाड, फक्त खालच्या १० मिमीत घासलेलं, धारेमागं ०.५ मिमी. धारेपासून ५ मिमी वर पहिल्याची जाडी सुमारे ०.४७ मिमी येते, दुसऱ्याची १.१५. दहा मिलिमीटर वर पहिलं ०.६४, दुसरं १.८. म्हणजे भाजीत एक सेंटिमीटर शिरेपर्यंत दुसऱ्या सुरीला जवळपास तिप्पट जाडीची फट उघडावी लागते. दुसऱ्या सुरीचा मुख्य उतार दोन्ही बाजू मिळून सुमारे ७.४ अंशांचा आहे, पहिलीचा २ अंशांच्याही किंचित आत. दुकानात ठेवल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

यातून लहान सुरीबद्दलही एक गोष्ट निघते. १.८ मिमीच्याच पत्र्यातून २२ मिमी उंचीची सोलायची सुरी केली, तर तोच उतार दुप्पट तिरका होतो. लहान सुरीला पत्रा १.२ मिमीचाच घ्यावा. एकाच पत्र्यातून मोठ्या-लहान सगळ्या सुऱ्या काढण्याचा मोह उत्पादकाला होतो, तो टाळावा.

मग पत्रा आणखी पातळ का करू नये? ताठपणामुळे. पट्टीचा बाजूला वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १.८ वरून १.५ मिमीवर आलं की ताठपणा ४२ टक्क्यांनी घटतो. भोपळा किंवा रताळं कापताना असं पातं एका बाजूला वळतं आणि काप तिरका जातो. पोलाद अधिक कडक केल्यानं यात फरक पडत नाही. कडकपणा वाढला की पातं कायमचं वाकण्याला अधिक विरोध करतं, पण त्याचा लवचीकपणा जवळपास तेवढाच राहतो. ताठपणा हवा असेल तर तो जाडीतूनच मिळतो. म्हणून पाठ १.८ मिमी, आणि तिथून धारेपर्यंत सलग उतार. टोकाच्या शेवटच्या ३० मिमीत पाठ थोडी अधिक पातळ करता आली तर करावी. कांद्यात उभे काप देताना टोकच आत शिरतं.

सपाट उताराला एक अडचण आहे: बटाट्याचे काप पात्याला चिकटतात. सुरी ज्या हातात धरतात त्या बाजूचा उतार, म्हणजे उजव्या हाताच्या सुरीत उजवी बाजू, अगदी किंचित फुगीर ठेवला तर चिकटणं बरंच कमी होतं. पात्यावर पाडलेल्या लांबट खळ्यांचा उपयोग यापेक्षा कमी आणि खर्च जास्त, असं आमचं मत आहे.

धारेचा कोन प्रत्येक बाजूला १७ अंश धरावा. चांगलं पाणी पाजलेलं पातं १५ अंशही सहन करतं, पण घरात सुरी हाडाला लागते, स्टीलच्या ताटावर चालते, भांड्यांच्या ढिगात पडते. ०.३ मिमी जाडी आणि १७ अंश कोन असेल, तर धारेचा चकचकीत पट्टा सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद दिसतो. जाडी ०.७ मिमी असेल तर तोच पट्टा एक मिलिमीटरपेक्षा मोठा होतो. सुरी विकत घेताना हातात मोजायचं साधन नसलं, तरी हा पट्टा डोळ्यांनी पाहता येतो. पट्टा बारीक आणि सगळीकडे सारखा असेल तर घासणाऱ्यानं काम मनापासून केलंय.

पोलाद आणि पाणी

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये ओतलेल्या स्टेनलेस पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि फक्त ०.२४ टक्के कार्बन होता. गंज धरायचा नाही, पण सुरुवातीच्या स्टेनलेस सुऱ्यांचा लौकिक काही चांगला नव्हता. या सुऱ्या कापत नाहीत अशी ओरड होती. क्रोमियम गंज रोखतं, कडकपणा मात्र मुख्यतः कार्बनमधून येतो, हे गणित आजही तेच आहे.

भांड्यांसाठी वापरतात ते ३०४ स्टेनलेस सुरीला निरुपयोगी. ते पाणी पाजून कडक होतच नाही. ४२० जे२ मध्ये सुमारे ०.३ टक्के कार्बन असतो आणि ते रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५० ते ५३ पर्यंत पोचतं. चालतं, पण धार लवकर दुमडते. १.४११६ या क्रमांकाच्या पोलादात अर्धा टक्का कार्बन आणि १४-१५ टक्के क्रोमियम असतं. ते ५५ ते ५७ पर्यंत जातं आणि घरच्या दगडावर सहज घासलं जातं. आमची पहिली पसंती याला. थोडं अधिक परवडत असेल तर एईबी-एल. हे मुळात दाढीच्या पात्यांसाठी केलेलं पोलाद. त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कण फार बारीक असल्यामुळे पातळ धार तुकडे न पडता टिकते, आणि ६० पर्यंत कडक होते. साधं कार्बन पोलाद, ०.७५ टक्के कार्बनचं, कडक करायला सर्वांत सोपं आणि धारेला उत्तम. पण कापून झाल्यावर लगेच धुऊन पुसलं नाही तर त्यावर गंज चढतो. ज्या घरात सुऱ्या बेसिनमध्ये तासन्‌तास पडून असतात तिथं ते देऊ नये.

एका सुरीला पत्रा किती लागतो? शेपटीसकट २७० × ४४ × १.८ मिमीच्या पट्टीचं वजन सुमारे १६५ ग्रॅम. एकाची शेपटी दुसऱ्याच्या टोकाशेजारी अशी पाती उलटसुलट मांडली तर याहून कमी. एवढ्याशा पोलादात हलकं वापरून वाचतं ते थोडं, आणि गमावतो ती धार.

पाणी पाजताना १.४११६ ची पाती साधारण १०३० ते १०५० अंश सेल्सिअसला नेतात. तापमान कमी पडलं तर क्रोमियमचे कार्बाइड पोलादात विरघळत नाहीत. मग पातं मऊ राहतं आणि गंजालाही बळी पडतं. ‘स्टेनलेस असून डाग कसे पडले’ या तक्रारीमागं पुष्कळदा हेच असतं. उलट तापमान जास्त झालं तर रचनेत ऑस्टेनाइट हा पोलादाचा मऊ प्रकार शिल्लक राहतो आणि कडकपणा पुन्हा उतरतो. उघड्या भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो, म्हणून निर्वात भट्टी, संरक्षक वायू किंवा उष्णतारोधक स्टेनलेस फॉइलचं पाकीट वापरावं.

पातळ पात्याची मोठी डोकेदुखी म्हणजे वाकणं. तापलेलं पातं अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून थंड केलं की ते लवकर थंडही होतं आणि सरळही राहतं. लगेच त्याच दिवशी टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं, करावं: १८० अंशांना दोन वेळा, प्रत्येकी दोन तास. टेम्परिंगला उशीर केला तर ताणलेल्या पात्यात तडा जाऊ शकतो. कडकपणाचं लक्ष्य रॉकवेल ५६. खूप कडक ठेवलेल्या धारेचे तुकडे उडतात, मऊ धार दुमडते. घरात दुमडलेली धार सळईवर दोन-चार हात मारून उभी करता येते, तुटलेली येत नाही.

मुख्य उतार पाणी पाजल्यानंतर घासावा. आधीच ०.३ मिमीपर्यंत पातळ केलेली कड भट्टीतून लाटांसारखी वेडीवाकडी होऊन बाहेर येते. पण नंतर घासण्यात वेगळा धोका आहे. पातळ कड पट्ट्यावर काही सेकंदांत कित्येक अंशांनी तापते. १८० अंशांना टेम्पर केलेली कड त्याच्या वर गेली की तिचा कडकपणा उतरायला लागतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून सतत पाण्याचा फवारा हवा. हातानं घासत असाल तर हातमोजा न घालता धरावं आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवावं. नवी सुरी धार धरत नाही आणि चार-पाचदा दगडावर घासल्यावर अचानक सुधारते, असं दिसलं तर कारखान्यात तिची कड जळली होती असं समजावं.

शेवटचा हात ३२० ग्रिटचा पुरे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका घासायचा कागद किंवा पट्टा बारीक). त्यापेक्षा खरखरीत ठेवलं तर ओरखड्यांत पाणी आणि मीठ साचून डाग धरतात. त्यापेक्षा गुळगुळीत करण्यात फक्त मजुरी जाते. वाचलेला वेळ पाठीच्या कडा आणि टाचेवरचा कोपरा अर्धा मिलिमीटर गोल करण्यात घालावा. चिमटीत पातं धरून कापणाऱ्याचं बोट नेमकं तिथं टेकतं. मिनिटभराचं हे काम स्वस्त सुऱ्यांत जवळजवळ कधीच केलेलं नसतं.

मूठ

मोठ्या संख्येनं सुऱ्या करायच्या असतील तर शेपटीभोवती थेट ओतलेली पॉलिप्रॉपिलीनची मूठ सर्वांत व्यवहार्य. उकळतं पाणी, साबण, तेल यांनी तिचं काही बिघडत नाही. पण हे प्लास्टिक धातूला चिकटत नाही आणि त्याला गोंदही धरत नाही. म्हणून शेपटीत ६ मिमीची तीन भोकं पाडावीत. वितळलेलं प्लास्टिक त्यांतून आरपार जाऊन दोन्ही बाजूंना बांधतं. थंड होताना ते एक-दोन टक्के आकसतं आणि शेपटीला घट्ट आवळतं. शेपटी १६ मिमी रुंद आणि मुठीच्या जवळपास शेवटापर्यंत गेलेली असावी. अर्ध्यातच संपणाऱ्या शेपटीवर मूठ काही महिन्यांत डुगडुगायला लागते.

१८ मिमी जाडीची भरीव मूठ एका दमात ओतली तर आतलं प्लास्टिक उशिरा थंड होऊन बाहेर खड्डे किंवा आत पोकळ्या पडतात. भिंत ३-४ मिमीची ठेवून आत आडव्या फासळ्या घालाव्यात, किंवा दोन टप्प्यांत ओतावं. पोकळी ठेवली तर ती पूर्ण बंद असायला हवी, नाहीतर आत पाणी साचून वास येतो.

लहान कारखान्यात साचा परवडत नाही. तिथं दोन बाजूंना दोन फळ्या लावून रिव्हेट ठोकणं बरं. भोकं पाणी पाजण्याआधीच पाडावीत. नंतर ड्रिल चालत नाही. फळ्यांची आतली बाजू आणि शेपटी ८० ग्रिटनं खरवडून, तेलाचा अंश पुसून मगच इपॉक्सी लावावा. क्लॅम्प फार आवळला तर सगळा इपॉक्सी बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. अॅल्युमिनियमचे रिव्हेट टाळावेत, डिशवॉशरच्या साबणानं ते काळे पडून झिजतात.

दोन्ही प्रकारांत एक जागा विसरू नये: शेपटी पात्याला मिळते तो आतला कोपरा. तो काटकोनात कापला तर पाणी पाजताना तिथूनच तडा सुरू होतो, आणि तेव्हा वाचला तर पुढं कधीतरी सुरी तिथंच मोडते. तिथं किमान ३ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी. लेझरनं कापताना याला काहीच जादा खर्च येत नाही.

मुठीचा काप लंबगोल असावा, गोल नको. लंबगोल मुठीत धार कुठल्या दिशेला आहे हे न पाहता कळतं. पुढं थोडा फुगवटा आणि मागं हलका हुक ठेवला की तेलकट हात घसरून धारेवर जात नाही. पृष्ठभाग बारीक खरखरीत ठेवावा. खोल रेघा नकोत, त्यांत पीठ अडकतं.

या मापांनी सगळी सुरी सुमारे १०० ग्रॅमची होते आणि तोल टाचेच्या आसपास येतो, मुठीत वेगळं वजन भरावं लागत नाही.

टाचेपाशी जाड धातूचा ठोकळा, ज्याला बोल्स्टर म्हणतात, तो धारेपर्यंत आणू नये. दगडावर पातं झिजतं, ठोकळा झिजत नाही. काही वर्षांत टाचेपुढं खळगा पडतो आणि सुरी पाटावर नीट टेकत नाही. बोल्स्टर वगळला तर पैसेही वाचतात.

पहिला नमुना तपासताना

धारेमागची जाडी मायक्रोमीटरनं टाच, मध्य आणि टोक अशा तीन ठिकाणी, दोन्ही बाजू तपासून मोजा. ०.१ मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर घासण्याची पकड चुकते आहे. मग धार सुमारे १५ अंशांत पितळेच्या सळईवर ठेवून हलकेच दाबत ओढा. कड किंचित वाकून परत सरळ व्हायला हवी. वाकलेलीच राहिली तर पाणी कमी बसलं किंवा कड जळली. टवका उडाला तर टेम्परिंग अपुरं. जाड गाजर मधोमध कापा आणि आवाज ऐका. ‘कट्’ आला तर पुन्हा पट्ट्यावर. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पात्यावर रात्रभर ठेवा. धारेजवळच ठिपके आले तर घासताना कड तापली होती, सगळीकडे आले तर भट्टीचं तापमान तपासा. धार किती टिकते हे मोजायला आयएसओ ८४४२-५ ही प्रमाणित चाचणी आहे. त्यात बारीक क्वार्ट्झ मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठराविक दाबानं पातं पुढंमागं फिरवतात आणि प्रत्येक फेरीला किती कागद कापला गेला ते मोजतात.

घरी धार लावता लावता वर्षानुवर्षांत ५ मिमी पातं झिजलं, तर आपल्या सुरीची धारेमागची जाडी ०.३ वरून ०.४७ मिमी होते, म्हणजे ती अजून कामाची राहते. फक्त १० मिमीत घासलेल्या सुरीची तेवढ्याच झिजेनंतर १.१५ होते, आणि ती टाकूनच द्यावी लागते. म्हणून सुरीसोबतच्या कागदावर दोन ओळी छापाव्यात: धारेचा कोन प्रत्येक बाजूला १७ अंश, आणि दर आठ-दहा वेळा धार लावल्यावर पातं दगडावर जवळजवळ आडवं ठेवून धारेच्या वरचा भागही थोडा घासावा.